आंदणाच्या गाईचा खुराक

मला लहानपणापासून वास घ्यायची खोड आहे. नवं कापड असो, ओली माती असो, नाहीतर दवाखान्यातून आणलेली औषधाची बाटली असो, आधी ती नाकाला लावायची आणि मग विचारायचं, हे असं का? आई म्हणायची, देवानं हिला नाक दिलं नथीसाठी आणि ही ते भलतीकडेच खुपसते. देगलूरच्या आमच्या घरी ही खोड खपून गेली. लग्न होऊन रेणापूरजवळच्या गावात आले तेव्हा मात्र सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, की इथं गपगुमान राहायचं, तुझ्या मामांना जास्तीचे प्रश्न चालत नाहीत. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्याबाई म्हणतात.

माहेराहून माझ्याबरोबर एक गाय आली होती, आंदण म्हणून. देवणी जातीची, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके आणि लोंबते कान. माहेरी आम्ही गुरांशी कानडीत बोलायचो, म्हणून तिला कानडीतलं 'बा' कळायचं. मराठीत 'ये' म्हटलं की ढिम्म हलायची नाही. मामा वैतागायचे. म्हणायचे, सून आणि गाय, दोघींना आमची भाषा उमजत न्हाई. पण संध्याकाळी तिच्या गळ्याखाली खाजवायला तेच जायचे, हे मी बघितलेलं होतं.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. माझ्या नवऱ्याला तिथल्या एका कचेरीत कारकुनाची नोकरी लागली होती. तो खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी गावी यायचा. आल्यावर सांगायचा, आज अमुक कचेरी सुरू झाली, उद्या तमुक साहेब येणार. जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, जीपगाड्या आल्या. पाऊस तेवढा आला नाही. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. गावातला कडबा दिवाळीच्या आतच संपला.

आमचे बैल आणि दोन गाई चारा छावणीला गेल्या. माझी गाय गाभण होती, तिच्याच्यानं तेवढं अंतर चालवलं नसतं, म्हणून ती एकटी दावणीला राहिली. निलंग्याकडं जिथं विहिरींना पाणी होतं तिथं थोडा ऊस उभा होता. मामा एक दिवसाआड तिकडं जायचे आणि उसाच्या शेंड्याकडचा हिरवा पाला, म्हणजे वाढे, त्याच्या पेंढ्या एसटीच्या टपावर टाकून आणायचे. कंडक्टरशी दर खेपेला भांडण. सत्तरीकडे झुकलेला माणूस पेंढी खांद्यावर घेऊन फाट्यावरून चालत यायचा, आणि तेवढ्यानं गाईचं काय व्हायचं? तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. एके दिवशी मामा अंगणात बसून म्हणाले, महिनाभर बघतो, न्हाईतर हाळीच्या गुरांच्या बाजाराला नेतो. दुष्काळात बाजाराला गेलेली भाकड नाहीतर खंगलेली गाय कोण विकत घेतं, हे घरात प्रत्येकाला माहीत होतं. मी त्या दिवशी भाकरी थापता थापता रडले. आंदणाच्या गाईबरोबर माझं माहेरच बाजाराला निघालंय असं वाटलं मला.

त्याच आठवड्यात जनावरांचे नवे डॉक्टर स्कूटरवरून गावात आले. पाराजवळ माणसं जमवून त्यांनी एक मोठा रंगीत तक्ता उलगडला. तक्त्यावर एक कोंबडी होती, एक गाय होती आणि मधे बाण होता. बाण बघूनच निम्मी माणसं उठली. डॉक्टर सांगत होते, कोंबड्यांच्या शेडमध्ये जमिनीवर टरफलांचा थर असतो, त्यात विष्ठा पडते, सांडलेलं खाद्य पडतं, तो थर महिन्यामहिन्यानं काढून फेकतात. तो फेकू नका. कोंबडीला त्यातलं जे पचलं नाही ते गाईला पचतं, कारण गाईच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते त्याचं सोनं करतात. खड्ड्यात गुळाच्या पाण्याबरोबर दाबून ठेवलं की आत उष्णता धरते, घाण जाते, रोगाचं बीज मरतं.

मी देवळाच्या भिंतीआडून ऐकत होते. बायका पुढं येत नसत. पण मला राहवेना. मी भिंतीआडूनच विचारलं, वासाचं काय? पारावर हशा पिकला. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, ताई, एकवीस दिवसांनी तुम्हीच हुंगून बघा.

आता आमच्या घरचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही. आम्ही लिंगायत. अंड्याचा शब्दसुद्धा स्वयंपाकघरात निघत नाही. लातुरात नोकरदार वाढले, त्यांच्यासाठी खानावळी वाढल्या आणि खानावळींना अंडी लागली, म्हणून गावातल्या एका एसटीच्या निवृत्त ड्रायव्हरनं फाट्याजवळ कोंबड्यांची शेड टाकली होती. मामा फाट्यावर जाताना ती वाट टाळायचे आणि ढेकळांतून लांबचा वळसा घ्यायचे. असल्या घरात मी कोंबडीखत आणणार होते, तेही गाईच्या तोंडात घालायला!

आत्याबाईंना विश्वासात घेतलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मी काही ऐकलं न्हाई. याचा अर्थ हो असा होता. मामा निलंग्याकडं गेले की मी शेडवर जायचे आणि पोतं भरून आणायचे. ड्रायव्हरकाका फुकट द्यायचे, त्यांना तो ढीग कुठं टाकावा हाच घोर होता. घरामागं माळवदाला, म्हणजे मातीच्या छताला, पांढरी माती काढलेला एक खड्डा होता. चाळणीनं पिसं काढली, तारेचे तुकडे वेचले. मेलेलं पाखरू आत गेलं तर गाय दगावते असं डॉक्टरांनी दहादा सांगितलं होतं, म्हणून मूठ मूठ तपासली. खड्ड्यात प्लास्टिकचा कागद अंथरला. त्यावर कोंबडीखत, त्यात कोयत्यानं बारीक केलेले वाढे, वर काळ्या पडलेल्या गुळाचं पाणी. थर घालायचा आणि पायांनी तुडवायचा. वारा राहता कामा नये. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागायच्या, नाक तर कामातूनच गेलं. शेवटी वर कागद, कागदावर चिखलाचा लेप.

मामांनी विचारलं, मागं काय पुरून राहिलीस? मी म्हटलं, वाढ्यांचा मुरघास घातलाय, चारा पुरून मुरवायचा, डॉक्टरांनी शिकवला. खोटं नव्हतं ते. अर्धं होतं. आणि अर्धं सांगून मोकळं होता येतं असं मला तेव्हा वाटायचं.

ते एकवीस दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. चौथ्या दिवशी लेपात बोट घालून बघितलं तर चटका बसला. आत चूल नाही, विस्तव नाही, मग हे तापलं कशानं? रोज जाऊन हात लावायचे. आठवड्यानं निवायला लागलं. एकविसाव्या दिवशी मामा गेल्यावर मी आणि आत्याबाईंनी एक कोपरा उघडला. मी आधी मान लांब करून हुंगलं, मग जवळून, मग चक्क मूठभर हातात घेऊन. तो डोळ्यांत जाणारा वास गेलाच होता! आंबट-गोडसर वास येत होता, मुरलेल्या लोणच्याच्या बरणीसारखा. आत्याबाईंनीही हुंगलं आणि मग एकदम आठवल्यासारखं म्हणाल्या, मी काही बघितलं न्हाई.

गाईनं पहिल्या दिवशी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी वाढ्यात चिमूटभर मिसळलं, तर वाढे खाल्ले आणि ते घमेल्यात ठेवलं. पाचव्या दिवशी घमेलं चाटून पुसून रिकामं. हळूहळू एक भाग हे आणि तीन भाग वाढे असं प्रमाण जमलं. मामांची एक खेप आता चार दिवस पुरायला लागली. महिन्यात गाईच्या अंगावर तकाकी आली. मामा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, मुरघास चांगला हाय गं तुझा. हाळीच्या बाजाराचं नाव त्यांनी परत काढलं नाही. मी आनंदानं वेडी झाले होते. त्या आनंदात एक साधी गोष्ट माझ्या डोक्यातून पार निसटली.

शिवरात्रीच्या आधी माहेरी आई आजारी पडली म्हणून मी आठ दिवस देगलूरला गेले. परत आले तर ओसरीवर स्वच्छ धोतरावर विभूतीचे गोळे वाळत ठेवलेले. आमच्या घरात ती पद्धतच होती. मामा दरवर्षी गाईच्या शेणाच्या गोवऱ्या वेगळ्या थापायचे, भुशात रचून जाळायचे, राख कापडातून गाळून पाण्यात कालवायचे आणि गोळे करून गावातल्या सगळ्या लिंगायत घरांना शिवरात्रीला द्यायचे. सकाळी आंघोळ करून, हातावर इष्टलिंग घेऊन, कपाळाला ती विभूती लावल्याशिवाय मामा पाण्याचा घोट घेत नसत. इतर घरांतही तेच.

दरवर्षीचे गोळे राखाडी असायचे. हे पांढरेशुभ्र होते. मठातल्या स्वामींनी म्हणे एक गोळा हातात घेऊन, अशी विभूती मी जन्मात बघितली नाही, असं मामांना सांगितलं होतं. मामा तरण्या पोरासारखे खुशीत होते. मी गोळा उचलला, हुंगला, आणि माझी जीभ वळवळली. इतकी पांढरी कशानं झाली? पुढच्याच दिवशी शिवरात्र, मामा सकाळीच घरोघर गोळे वाटून आले. दुपारी डॉक्टर गाय तपासायला आले तेव्हा मी त्यांना गोठ्यात विचारलं. ते म्हणाले, राख पांढरी म्हणजे चुना जास्त. अंड्याच्या कोंबड्यांना शिंपल्याचा चुरा घालतात, तो विष्ठेत उतरतो, तिथून...

ते पुढं बोलत होते, पण मी रिकाम्या दावणीकडं बघत होते. बैल छावणीला, दोन्ही गाई छावणीला. मग मामांनी शेण घेतलं कुठल्या गाईचं? अगं बाई! दावणीला दुसरी गाय होती कुठं! मी रोज त्यांना शेण पाटीत भरताना बघत होते आणि सरपणाला नेतात असं समजत होते. सगळ्या जगाला का म्हणून विचारणारी मी, सासऱ्यांना एवढंच विचारायचं विसरले, की मामा, यंदा विभूती कशाची करणार?

दोन दिवस मी गप्प बसले. सकाळी मामा डोळे मिटून कपाळाला तीन बोटं ओढायचे आणि मी तोंड फिरवून चुलीकडं जायचे. आत्याबाई म्हणाल्या, राख झाली, संपलं, कशाला सांगतीस. त्यांचं म्हणणं मला पटत होतं, आणि तरी रोज सकाळी तेच. तिसऱ्या दिवशी पूजेच्या आधी मी मामांसमोर जाऊन उभी राहिले.

"मामा, मुरघासात कोंबडीखत हाय. गाय दोन महिन्यांपासून तेच खाती. मीच घातलं."

मामांनी हातातला तांब्या खाली ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "मी शेण धरायच्या आधीपासून?"

"हाव."

त्यांनी ओला पंचा घेतला आणि कपाळ पुसलं. रात्री झोपताना लावलेल्या विभूतीचा माग होता तिथं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. माझ्याशी बोलणं तर त्या क्षणापासून बंद.

दुसऱ्या दिवशी ते झोळी घेऊन निघाले. जितक्या घरांना गोळे दिले होते तितक्या घरी गेले. प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं, माझी चूक झाली, मी गाय काय खाती ते बघितलं न्हाई, इबूत परत द्या. माझं नाव कुठंही घेतलं नाही. मला हे शेजारणीकडून कळलं आणि मी गोठ्यात जाऊन गाईच्या मानेत तोंड खुपसून रडले. स्वामींकडं ते सगळ्यात शेवटी गेले. तिथं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. परत आले ते बाजारातली पुडीची विभूती घेऊन. ती लावताना पुटपुटले, खडू हाय निव्वळ.

गोळ्यांचं करायचं काय? विभूती उकिरड्यावर टाकत नाहीत, पाण्यात सोडतात. रेणा नदीत पाण्याचा थेंब नव्हता, विहिरीत तर घागर बुडेना. शेवटी मामांनी सगळे गोळे धोतराच्या फडक्यात बांधले आणि गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवले. पाऊस पडला की सोडायचे.

आणि इकडं गावात निराळंच सुरू झालं. घरोघर मामांचं ऐकून घेतल्यावर लोक पहिला प्रश्न विभूतीचा विचारत नव्हते. विचारत होते, पण गाय जगली का? मामा खोटं बोलणारे नव्हते. म्हणायचे, जगली, चांगली झाली. मग लोक संध्याकाळी आमच्या मागल्या दारी. कुणी गाईच्या बरगड्या चाचपून बघायचं, कुणी खड्ड्यात वाकून हुंगायचं. काही घरांनी आमच्याकडं पाणी पिणं सोडलं, हेही खरं. पण त्यातल्याच एका घरची बाई आपल्या वहिनीला पुढं करून गुळाचं प्रमाण विचारून गेली. डॉक्टरांच्या तक्त्यानं जे झालं नाही ते मामांच्या माफीनं झालं. पंधरा दिवसांत गावात खड्डेच खड्डे, आणि ड्रायव्हरकाकांच्या शेडबाहेर पोती घेऊन माणसं. आता पाळी लावायला लागली. आमचा खड्डा तळाला आला आणि गाय महिन्यावर आलेली. मी दोनदा जाऊन रिकाम्या हातानं परतले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामा घरात नव्हते. मी मागं लाकडं फोडत होते. बघते तर फाट्याकडून सरळ रस्त्यानं, ढेकळांतून नाही, मामा येत होते. डोक्यावर पोतं. वासावरूनच कळलं कशाचं. त्यांनी ते खड्ड्याजवळ टाकलं, धोतर झटकलं, आणि माझ्याकडं पाठ करून गाईला म्हणाले, "विचार तिला, गूळ किती घालती."

मी गाईला सांगितलं. पाटीला ओंजळभर, कोमट पाण्यात विरघळवून. मामांनी गाईला विचारलं, पाणी कोमटच का? मी गाईला सांगितलं. असं आमचं अर्धा तास चाललं. आत्याबाई दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला हसू येत नव्हतं. त्यांचा आवाज ऐकून बरं वाटत होतं, आणि ते गाईशी बोलताहेत, माझ्याशी नाही, हे लागतही होतं. मामांनी स्वतः खड्डा तुडवला. पूजेच्या वेळी पुन्हा आंघोळ, तीही दोन तांब्यांत.

गाय चैत्रात व्याली, भल्या सकाळी. डॉक्टरांना निरोप धाडला होता पण ते यायच्या आधीच वेणा सुरू झाल्या. वासराचे पाय दिसले आणि अडले. गाय बसली ती उठेना. मामा तिच्या तोंडाशी बसले आणि मी मागं. मी ओढत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, हे मी खाऊ घातलं त्याचं तर नाही ना? एवढा सगळा उपद्व्याप करून शेवटी ही माझ्याच हातानं जायची की काय? मामा तिला नुसतं 'ऊठ, ऊठ' म्हणत होते. ती हलेना. मग त्यांनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि हळूच म्हणाले, "बा. बा."

माझ्या माहेरचा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. गाईनं पुढचे पाय रोवले, कळ दिली, आणि कालवड माझ्या मांडीवर येऊन पडली. ओली, पांढरी, डोक्यावर एकच काळा ठिपका. श्वास घेत होती. गाय वळून तिला चाटायला लागली.

नव्या वासराच्या कपाळाला विभूती लावतात. मामांनी कनवटीची पुडी काढली, उघडली, तिच्याकडं बघितलं आणि परत ठेवली. मग पालथ्या पाटीवर चढून आढ्याचं गाठोडं सोडलं आणि त्यातला एक गोळा काढला. पांढराशुभ्र. तो हातावर घासून त्यांनी गाईच्या कपाळाला तीन बोटं ओढली, मग कालवडीच्या. म्हणाले, हिच्याच पोटातून आलेली हाय ही, हिला चालती.

आणि मग, रोजच्या सवयीनं, बोटांना उरलेली विभूती त्यांनी आपल्या कपाळाला ओढली.

हात तिथंच थांबला. त्यांच्या लक्षात आलं होतं. मी बघितलंय हेही त्यांनी बघितलं. पंचा खांद्यावरच होता. मी त्या पंच्याकडं बघत राहिले. मामांनी हात खाली घेतला, गाठोडं पुन्हा बांधलं, आणि माझ्याकडं वळून, गाईकडं नाही, माझ्याकडं, म्हणाले, "पोरी, पाणी ठेव कोमट. हिला गूळ देऊ."